खनाताचे पाय

“या खेपेला मीही येते,” एवढंच मी म्हटलं, आणि चहा ओतता ओतता बेलाईदचा हात हवेतच राहिला. वर धरलेली किटली तशीच कलती, धार पेला सोडून तबकात, तबक भरून कापडावर, आणि हा आपला माझ्या तोंडाकडे बघतोय. चहा ओतण्यात कासाब्लांकाच्या आख्ख्या दर्ब सुलतान मोहल्ल्यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारा माणूस नाही. दुकानात तेल मापतानासुद्धा थेंब इकडचा तिकडे होत नाही, गिऱ्हाइकं त्यावरून त्याची थट्टा करतात. “अरे, कापड!” मी ओरडले तेव्हा कुठे भानावर आला. पुदिन्याचं एक पान कापडाला चिकटलं होतं, ते नखानं काढत बसला. आणि मग विचारतो काय, तर, “कुठे?” “कुठे म्हणजे? चंद्रावर! खोऱ्यात, तुझ्या गावाला. बदाम फुलतील तेव्हा. जन्मभर ये ये करत होतास ना, मग आता येते.” “आता?” “आता नाही तर काय मेल्यावर?” तो म्हणाला, तिकडे थंडी असते. मग म्हणाला, रस्ता फार वळणांचा आहे, तुला उलट्या होतील. मग दुपारचं गिऱ्हाईक येईल म्हणून उठला आणि खाली दुकानात गेला. त्या वेळेला आमच्या गल्लीत मांजरसुद्धा फिरकत नाही. मी ओल्या कापडासमोर बसून राहिले.

काय हवं होतं मला? काही नाही हो, त्यानं हसावं एवढंच. ज्या गोष्टीसाठी तरुणपणी बायकोच्या पाया पडायचाच तेवढा बाकी राहिला होता, ती गोष्ट ती आपणहून कबूल करते, तर माणसाचा चेहरा उजळायला नको? याचा उतरला. आणि मी कशी मूर्ख, सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होते. सासू गेली त्या दिवसापासूनच खरं तर हे माझ्या मनात होतं. इन्ना, म्हणजे यांच्या भाषेत आई. सगळे तिला इन्ना म्हणायचे म्हणून मीही म्हणायची, पाहिलं तर कधीच नव्हतं. शरदात ती गेली तेव्हा बेलाईद तिकडेच होता, आणि इकडे दुकानावर त्याचा धाकटा भाऊ इद्दर. दोघा भावांचं दुकान असं आळीपाळीनं चालतं. एकानं काही महिने कासाब्लांकात गल्ल्यावर बसायचं, तेव्हा दुसऱ्यानं खोऱ्यात घर आणि झाडं बघायची, मग अदलाबदल. खोऱ्यातल्या सगळ्याच दुकानदारांची ही रीत. तर फोन आला, इद्दरनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पिठाच्या पोत्यावर बसून लहान मुलासारखा रडला. दफन त्याच दिवशी, हा पोचेपर्यंत माती पडलेली असणार, म्हणून गेलाही नाही. मी शेजारी उभी. एकदम तोंडातून निघून गेलं, “केवढी होती रे उंचीला?” त्यानं डोळे न पुसताच हात आपल्या खांद्यापर्यंत उचलून दाखवला. सख्ख्या सासूची उंची मला दिराला विचारावी लागली. तेव्हाच मी ठरवलं, आता जायचं.

आधी का गेले नाही? लोकांना सांगायला माझ्याकडे उत्तर तयार असायचं: माझ्या बापानं निकाहाच्या वेळी, लिहून घेणाऱ्यांसमोर बजावून सांगितलं होतं, माझी पोर डोंगरात राहणार नाही. कासाब्लांकात जन्मलेली, मोटारींच्या रस्त्यावर वाढलेली मुलगी. आणि खोऱ्यातल्या दुकानदारांच्या बायका कशा जगतात हे काय आमच्या शहराला ठाऊक नाही? नवरा इथे गल्ल्यावर, ती तिथे पाठीवर चाऱ्याचा भारा घेऊन चढणीवर, भेट ईदेला. मला वाटायचं, एकदा का मी तिथे पाऊल टाकलं की हे लोक गोड बोलून मला ठेवून घेतील. बेलाईद लग्नानंतर पहिल्यांदा गावी निघाला तेव्हा म्हणाला, “फक्त बघायला चल. सगळा डोंगर गुलाबी आहे, त्याच्या पायाशी बदाम, आणि बदाम फुलले की खालून वर बघताना…” पुढे त्याला शब्द सापडेना. शब्दांचा कंजूष माणूस. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. दुसऱ्या वर्षीही तेच. मग मूल होईना. आणि मग तर मला त्या खोऱ्याची धास्तीच बसली, कारण तिथल्या बायका काय बघतील ते मला इथे बसून दिसत होतं. आधी चेहरा बघतील, लगेच पोट बघतील, मग एकमेकींकडे बघतील. इथे शहरात बरं असतं, जिन्यावर कोणी कोणाच्या पोटाकडे बघत नाही. बघितलं तरी आपण दार लावून घेऊ शकतो. तिथे म्हणे दारं दिवसभर उघडीच असतात. बेलाईद विचारत राहिला, मी पुढच्या वर्षी म्हणत राहिले, आणि केव्हातरी त्यानं विचारणं सोडलं. नेमकं केव्हा, हेही माझ्या लक्षात आलं नाही. याचं मला आता सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एक माणूस वर्षानुवर्षं तुमच्यापुढे हात करतो, मग एक दिवस हात मागे घेतो, आणि तुम्हाला पत्ताच नाही.

दोन-तीन दिवस मी त्याच्या चेहऱ्याकडे कानाडोळा केला. थंडीचं म्हणतोय, तर थंडीची तयारी करू. वरच्या मजल्यावर ग़िज़लान राहते, कॉलेजात शिकवते, एकटी हिंडते. ती मागच्या बदामांच्या मोसमात तिकडे जाऊन आली होती. तिला म्हटलं, बये, मला दाखव काय असतं ते. तिनं फोनमधली चित्रं दाखवली. “लाला खनाता,” आमच्यात मोठ्या बाईला मानानं लाला म्हणतात, “हे बघा, हे सगळं अमेल्नचं खोरं. आणि तुम्ही अजून बघितलं नाही? तुमचं स्वतःचं? कमाल आहे बाई तुमची!” डोंगर खरंच गुलाबी. पायाशी पांढरा धूर पसरावा तसे बदाम. धुराच्या वर चिकटवल्यासारखी घरं, गुलाबी, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी. “यातलं तुमचं कुठलं?” तिनं विचारलं. मी चष्मा वर केला, खाली केला. “ते काय,” म्हटलं, आणि एका घरावर बोट ठेवलं. तिनं चित्र मोठं करून दाखवलं. गच्चीवर कोणाची तरी लाल गोधडी वाळत होती. एरवी मी ढुंकूनही बघितलं नसतं अशा एका परक्या गोधडीकडे मी डोळे भरून बघत बसले. मग दोघी मिळून बेत केला: दुपारी अगादीरला उतरून मासे खायचे, तिझनीत गावी चांदीच्या बाजारात चक्कर मारायची, तिथून पुढे घाट. माझ्या बाजूनं देण्याघेण्याचंही ठरलं. रिकाम्या हातानं पहिल्यांदा सासरी जातात होय? निळ्या कागदातले साखरेचे सुळके, चांगला चहा, इद्दरची बायको इज्जा आहे तिला मखमलीचं कापड, आणि हलवायाकडचे बदामाचे लाडू. यावर ग़िज़लान इतकी हसली. “बदामाच्या गावाला बदामाचे लाडू? लाला, पाण्यात पाणी ओतताय.” हसू मलाही आलं. किती दिवसांनी आलं होतं.

पण घरात आल्यावर बेलाईद तसाच. मी सामान काढते, तो बघतो आणि काहीतरी काम काढून उठतो. भावाला फोन करायचा तर जिन्याखाली जाऊन करतो. एकदा मी विचारलं, तिकडे रजया आहेत की इथून न्यायच्या, तर म्हणाला, “तू खरंच येणार?” जणू मी त्याला धमकी दिली होती. आणि मग, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात नको ते शिरलं. आमच्यात ही गोष्ट काही आकाशातून पडलेली नाही. इथे एक घर, तिथे एक घर, असे दुकानदार आमच्याच गल्लीत होऊन गेले. अर्धं वर्ष तिकडे काढणारा पुरुष, आणि इथल्या बायकोला मूल नाही. मला कसं सुचलं नाही इतकी वर्षं? सुचलं होतं, मीच बघायचं टाळलं. न जाण्याचं ते एक आणखी कारण असेल का? जाऊन बघितलं तर कळेल, आणि न बघितलं तर आपलं आहे तसं चालू राहील. रस्त्यावर कोळंबी विकणारा ओरडत होता, खिडकीत उभी राहून मी त्या अर्ध्या वर्षांचा हिशेब मांडत होते. तिथे कोण त्याला चहा देते. कोण त्याचा सदरा धुते. ती तरुण आहे का, तिला मुलं आहेत का, आणि त्यांना त्याचे मोठे कान आले आहेत का. त्या कानांचा विचार आला आणि मला रडू फुटलं.

शुक्रवारी रव्याच्या कण्या वाफवून कुसकुस केला. एकाच परातीत जेवतो आम्ही, तो त्या बाजूनं, मी या बाजूनं, आणि भोपळ्याचे मऊ तुकडे तो नेहमी चमच्यानं माझ्याकडे सारतो. त्या दिवशीही सारत होता. मी चमचा खाली ठेवला.

“कोण आहे तिथे?”

“कुठे?”

“खोऱ्यात. सरळ सांग, बेलाईद. या वयात मी काही माहेरी निघून जाणार नाही. माहेर उरलंय कुठे?”

त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो हसला, मग हसू अर्ध्यावर टाकून म्हणाला, “बाई? मी? खनाता, माझ्याकडे बघ तरी एकदा.”

“मग मला न्यायला का नको तुला?”

चमच्यातला भोपळ्याचा तुकडा त्यानं परत परातीत ठेवला. मग परातीकडे बघतच म्हणाला, “तू आजारी आहेस.”

“मी?”

“इथे नाही. तिथे. तिथे तू आजारी आहेस. पायांनी.”

मला वाटलं, याला काहीतरी झालं. कपाळाला हात लावून बघणार होते. पण तो बोलत राहिला, इतकं एकदम तो आयुष्यात कधी बोलला नसेल. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर इन्नानं विचारलं, तुझी बायको येत का नाही? आधी म्हणाला कामं असतात. पुढच्या खेपेला तिनं परत विचारलं, आणि बरोबर तिच्या बहिणीची नात आणून समोर बसवली. बघ म्हणाली, ही धट्टीकट्टी आहे, इथलीच आहे, ही तुला सोडून शहरात बसणार नाही. “तेव्हा तोंडातून गेलं,” बेलाईद म्हणाला. “म्हटलं, इन्ना, ती यायला तयार आहे गं, पण तिला चालता येत नाही. पाय गेले तिचे.” आणि इन्नानं त्या पोरीला तिथल्या तिथे उठवून घरी पाठवलं. म्हणाली, आजारी बायकोवर सवत आणायची नसते, पाप लागतं. त्यानंतर तो विषय तिनं मरेपर्यंत काढला नाही. मूल का नाही, हेही मग कोणी विचारलं नाही. आपोआपच मिटलं सगळं.

“कुठला पाय?” मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

“दोन्ही.”

“दोन्ही! एक तरी ठेवायचास मेल्या!”

आणि मी हसले. मग किती वेळ हसत होते कोण जाणे, तो घाबरून पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला. माझ्यावर सवत येऊ नये म्हणून या माणसानं माझे पाय काढून घेतले होते. चिडायचं तरी कोणावर? मी विचारलं, आणि इद्दर? तो तर अर्धं वर्ष माझ्या हातचं जेवतो, मला जिना चढता-उतरताना बघतो. बेलाईदनं अशा नजरेनं बघितलं जणू मी काही अचाट विचारलं. “इद्दर? माझ्या बायकोविषयी तो बोलेल? घरी जाऊन?” खरंच की. यांच्यात पुरुष दुसऱ्याच्या बायकोचं नावसुद्धा काढत नाही, मग ती धाकटी भावजय असो की वहिनी. फार तर ‘घर कसं आहे?’ म्हणतील, आणि उत्तर ‘बरं आहे’. खोऱ्यातले किती पुरुष आमच्या दुकानात येऊन गेले, मला शिडीवर चढून वरच्या फळीवरचे डबे काढताना बघून गेले, आणि गावी जाऊन सगळे तोंड मिटून बसले. बायका तिकडून इकडे कधी येत नाहीत. हे खोटं इतकी वर्षं कसं काय टिकलं म्हणून विचारते मी, पण न टिकायला झालं होतं काय?

त्या दुपारी मी भांडी घासली नाहीत. परात तशीच पडली. मला एकेक आठवायला लागलं, आणि आठवेल ते वेगळंच दिसायला लागलं. दर खेपेला बेलाईद गावाहून येताना इन्नानं दिलेली बरणी आणायचा. अमलू: बदाम भाजून, वाटून, त्यात अर्गान नावाच्या तिकडच्या काटेरी झाडाच्या बियांचं तेल आणि मध. जिन्यावरच्या सगळ्या बायकांना मी वाट्या भरभरून द्यायची, माझ्या सासरचं म्हणून मिरवायची. “ती एकटी बसून वाटायची,” बेलाईद म्हणाला, “दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. वाटताना तुझ्या पायांसाठी दुवा म्हणायची.” त्या दुवा मी वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत वाटल्या. बरोबर तेलाची एक बाटलीही असायची. त्या तेलात मी अंडी तळायची आणि बोलून दाखवायची, हे काय बाई तुमच्याकडचं तेल, ना वास ना चव! अर्गानची बी भाजून काढलेलं तेल खायचं, न भाजता काढलेलं अंगाला चोळायचं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बेलाईद दुकानदार, त्याला काय कळत नव्हतं? कळत होतं. माझ्या चोळायच्या तेलात तळलेली अंडी तो मुकाट्यानं खायचा. आणि ते लोकरीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे! मला वाटायचं म्हातारी टोमणा मारतेय, शहरातली नाजूक सून म्हणून. सगळे मी इद्दरला दिले. तो माळ्यावर झोपतो, तिथे गार लागतं. म्हणजे इन्नानं माझ्या पायांसाठी विणलेले मोजे तिच्याच मुलाच्या पायांतून परत गावी जात होते. ते ओळखून ती काय म्हणाली असेल? बेलाईदनं सांगितलं, ती म्हणाली, “बिचारीला मोजेसुद्धा सोसत नाहीत.”

आणि फोनवरचं बोलणं. ईदेला फोन व्हायचा, दुकानात बसून मी त्यांची भाषा उचलली होती, तेवढी पुरायची. कारण खोऱ्यातलं बोलणं म्हणजे निम्मं विचारपूसच: बरी आहेस ना, घर बरं ना, तब्येत बरी ना, हात बरे ना, पाय बरे ना, शेजार बरा ना. एका दमात. आपण उत्तरादाखल ‘उत्तम, उत्तम, अल्लाची मेहेरबानी’ म्हणत जायचं. त्यातलं कोण काय ऐकतंय! ‘पाय’ आला तरी मी ‘उत्तम’ म्हणायची, ‘शेजार’ आला तरी ‘उत्तम’. आणि तिकडे इज्जा फोन ठेवून बायकांना सांगायची, बघा कशी सोसते ही बाई, इतक्या वर्षांत पायांविषयी एक शब्द कुरकुरली नाही. गावात माझा दाखला देतात म्हणे. कोणाच्या सुनेनं डोकं दुखतं म्हटलं की सासू म्हणते, त्या कासाब्लांकाच्या खनाताकडे बघ.

हे सगळं मी सोसलं असतं. हसून नेलं असतं. पण बेलाईदनं शेवटचं जे सांगितलं ते, ते नाही मला झेपत. तो सांगत नव्हता, मीच खोदलं. म्हटलं, अजून काय आहे ते आजच सांगून टाक. इन्नानं नवस केला होता. सून आपल्या पायांनी खोऱ्यात येईल तोपर्यंत हातापायाला मेंदी लावणार नाही. आमच्यात म्हातारीच्या हाताला मेंदी नसणं म्हणजे काय हे आमच्या बायकांना कळेल. लग्न असो, बारसं असो, ईदची आदली संध्याकाळ असो, सगळ्या बायका हात पुढे करून बसलेल्या, आणि ही आपली मेंदी कालवून देणार, दुसऱ्यांच्या हाताला लावून देणार आणि उठून जाणार. शिवाय दर वर्षी बदाम फुलले की अनवाणी चढून सिदी हम्मादच्या दर्ग्याला जायची, थकली तेव्हा गाढवावर, त्याहून थकली तेव्हा इज्जाला पाठवायची. गेली तेव्हा बायकांनी धुताना तिच्या तळव्यांना मेंदी लावायला घेतली, तर इज्जा म्हणाली, नको, नवस फिटला नाही. कोऱ्या हातांनी पुरलं तिला.

मी काय करत होते तेव्हा, त्या सगळ्या वर्षांत? जिना चढत होते. बाजारात जात होते, समुद्रावर फिरत होते, लोकांच्या लग्नांत नाचत होते, हो, नाचत होते, आणि चांगली नाचायची मी. माझे हात मेंदीनं रंगलेले असायचे. ती माझ्या पायांसाठी डोंगर चढत होती आणि माझे पाय इथे धडधाकट, नाचत होते. एवढं मोठं मागणं मागत होती ती देवाकडे, आणि ते देणं माझ्या हातात होतं. त्या बाईला चमत्कार दाखवायला मला फक्त एकदा बसमध्ये बसायचं होतं. ती दारात उभी राहिली असती, खांद्याएवढी उंच, आणि मी चढणीवरून चालत वर आले असते. बस. दुसरं काही नाही. मी पोटाकडे बघणाऱ्या डोळ्यांना घाबरत बसले, आणि तिथे एक बाई माझ्या पायांकडे डोळे लावून बसली होती.

पुढचे दिवस बेलाईद माझ्या आगेमागे फिरत होता. “नको जाऊ या,” म्हणायचा. मग म्हणायचा, “जाऊ या, पण थोडी लंगडत चाल. काठी घे. बरं वाटायला लागलंय म्हणू.” मी म्हटलं, दाखव कशी लंगडू. तो बिचारा खोलीत लंगडून दाखवायला लागला, भिंतीला हात लावून, एक पाय ओढत. सत्तरीला आलेला माणूस! मी पण झाडूचा दांडा घेऊन त्याच्या मागून. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघं लंगडत गेलो, आरशात आमची वरात दिसली आणि मी दांडा टाकून दिला. “नाही जमणार मला,” म्हटलं. “तिनं इतकं मागितलेले पाय मी खोटे करून नेऊ?” “मग काय सांगशील?” त्याला घाम फुटला होता. “मला खोटारडा म्हणतील, खनाता. इन्नाच्या कबरीसमोर म्हणतील.” त्याचंही बरोबर होतं. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, जाऊच नये. पुढच्या वर्षी, म्हणावं. जिभेवर आलंही होतं.

त्याच वेळी फोन वाजला. इज्जाचा. इद्दरनं घरात सांगितलं होतं की या खेपेला घर बरोबर येतंय. विचारपुशीची माळ संपायच्या आधीच ती ओरडली, “लाला, तू येतेस! अगं, आम्ही सगळं ठरवलंय. रस्ता खालीच संपतो, वर घरापर्यंत चढ आहे, पण तू काळजी करू नकोस. खेचर ठेवलंय, मऊ खोगीर आहे, दोन पोरं धरायला. अंगणात तुझ्यासाठी गादी घातलीय उन्हात. उतरायचंच नाहीस तू.” तिच्या मागे बायकांचा गलका होता. बेलाईद माझ्या समोर येऊन बसला.

“खेचर नको, इज्जा,” मी म्हटलं.

“मग खुर्चीवरून आणू. चौघं उचलतील.”

“नको. मी चालत येईन.”

इज्जानं अगदी हळू विचारलं, “चालतेस?”

“चालते.”

ती बायकांकडे वळून ओरडली, आणि एकदम सगळ्यांनी जीभ लववून तो आनंदाचा कल्लोळ केला, लग्नात करतात तसा. फोन कानापासून दूर धरावा लागला. कोणीतरी रडत होती. कोणीतरी इन्नाचं नाव घेत होती. मग गलका लांब गेला, दार लागल्याचा आवाज आला, इज्जा कुठल्याशा खोलीत एकटी आली असावी.

“लाला, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“हे कधी झालं? इन्ना असताना, की ती गेल्यावर?”

बेलाईदला ऐकू आलं. “नंतर,” तो ओठांनीच म्हणाला, “नंतर म्हण.” नंतर म्हटलं की सगळं नीट बसत होतं. या हिवाळ्यात बरी झाले, म्हणून आता येतेय. कोणी पुढे काही विचारणार नाही, त्याचा शब्द राहील, माझंही तोंड राहील. फक्त इन्ना तेवढी काही न मिळता गेली असं होईल. तिचे ते कोरे हात. मी डोळे मिटून घेतले.

“आधी,” म्हटलं. “ती असतानाच. खूप आधी.”

इज्जाचा श्वास मला ऐकू आला. “म्हणजे तिचं ऐकलं गेलं होतं.”

“हो गं. तिचं ऐकलं गेलं होतं.”

ती रडायला लागली, पण ते रडणं चांगलं होतं, मोकळं होतं, आणि मला वाटलं, सुटले. मग रडणं थांबलं.

“मग आली का नाहीस?” इज्जानं विचारलं.

बेलाईदनं माझा हात धरला.

“तेच सांगायला येतेय,” मी म्हटलं.